काकडीला दाखवलेलं बोट

आधी मला एक सांगा ताई, हे मोबाईलवर टेप करून राहिल्या ते कुणाकुणाला ऐकवणार? न्हाई, विचारते आपलं. मी स्वतः पत्रकं लिहिलेली बाई हाय, एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं लिहिलं की त्याचं काय होतं ते मला ठावं हाय, आपण सांगावं कारलं आन् छापून यावा दोडका. तर गावाचं नाव टाकू नका. हिमायतनगरच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळापासून दोन शेतं आत, एवढं पुरे. मपलं नाव प्रज्ञा, ते खुशाल टाका. लपवण्यासारखं जे होतं ते मी विहाराच्या भर ओट्यावर सांगून मोकळी झाले, तेच आता तुम्हाला सांगते.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली देव सोडले, देव्हारा सोडला, उपास सोडले, पण एक गोष्ट त्यांच्यानं सुटली न्हाई, ती म्हणजे बी टोकायची वेळ. शिवरातीला उन्हाळी बागेचं बी आन् आखितीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला, पावसाळी वेलाचं बी. आम्ही शिवरात करत न्हाई, आखिती करत न्हाई, पण त्या दिवशी आळं खांदलं न्हाई असं एक साल झालं न्हाई. मी शाळेत असताना बाबाला विचारलं, सण सोडला मंग दिवस कामून धरला, तर बाबा म्हणे, बी कुणाच्या धर्माचं नसतंय, त्याला उन्हाची वेळ कळते. मला हे उत्तर तेव्हा पटलं न्हाई आन् आताही अर्धंच पटतं.

बाग आमची वीस गुंठ्याची, आजोबांनी खांदलेल्या विहिरीच्या अंगाला. गावरान काकडी, दोडकं, भेंडी, गवार, कडेनं मक्याची एक रांग. वैशाखात सगळं रान भाजून निघतं, ढेकळं पायाला चटके देतात, तेव्हा एवढा तुकडा हिरवा असतो. आन् या हिरव्या तुकड्याची मालकीण म्हणाल तर कागदावर बाबा, पण खरी मालकीण कौसाआत्या. बाबाची थोरली बहीण. नवरा गेला तशी माहेरी आली, दोन घरं सोडून राहते, तिला लेकरू न्हाई, तिचं लेकरू म्हणजे ही बाग. काकडीचं बी तिच्याकडं असतं. पहिल्या मोठ्या फळाचं बी काढायचं, ताज्या शेणात मिसळायचं आन् शेणाच्या थापट्या करून घराच्या भिंतीला मारायच्या. शेण वाळतं, बी आत सुरक्षित, किडा न्हाई, उंदीर न्हाई. शिवरातीला आन् आखितीला थापटी भिंतीवरून सुटी करायची, फोडायची आन् घराघराला बी वाटायचं. आमच्या वस्तीत काकडीचा जो वेल दिसेल तो आत्याच्या भिंतीवरून उतरलेला. इथपर्यंत मला काहीच म्हणायचं न्हाई, ही शास्त्रशुद्ध गोष्ट हाय, मी बीएस्सी केलं तरी हिच्याहून बरी युक्ती मला सुचली नसती.

पण काय सांगू तुम्हाला, बीबरोबर आत्या जे बाकीचं वाटायची! भोपळ्याचं बी भरल्या पोटी टोकावं, उपाशी माणसानं टोकलं तर फळ पोकळ निघतं. वेलावरून साप गेला की काकडी कडू. बाराच्या उन्हात वेलात जाऊ नये, वेल झोपलेला असतो. मडक्याला चुन्याचे ठिपके देऊन काठीला उलटं टांगावं, शेजारी फाटकी चप्पल. आन् सगळ्यात मोठा नियम बोटाचा. कवळ्या फळाला बोट दाखवायचं न्हाई. सरळ बोट दाखवलं की फळ पिवळं पडतं, सडतं, गळतं. दाखवायचंच असलं तर बोट असं मुडपायचं, पेरानं दाखवायचं. लहानपणी माझ्या बोटांवर आत्यानं कितीतरी चापट्या मारल्यात.

तेही मी हसून सोडलं असतं. पण मी तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा बाजूला बसले, आन् आत्यानं मला चार दिवस वेलात पाय ठेवू दिला न्हाई. वेल जळतो म्हणे. मी बांधावर टोपली धरून उभी, वैशाखाचं ऊन, डोक्यावर निस्ता टॉवेल, आन् आत माझे दोन्ही चुलतभाऊ काकड्या तोडतायत, तोडतायत आन् खातायत. माझ्यात असं काय होतं की त्यानं वेल जळावा? जळत होते ते मी! तो राग ताई, माझ्या अंगातून गेला न्हाई. नांदेडला कॉलेजात गेले तेव्हा तिथं पोरांचा एक गट होता, पत्रकं काढायचा, बस स्टॅंडावर वाटायचा, मी सहा महिन्यांत त्यांच्यात सगळ्यात तिखट लिहिणारी झाले. बंधू-भगिनींनो, विचार करा, इथून सुरुवात आन् शेवटाला तीन उद्गारचिन्हं.

मंग बाबाचं गुडघं गेलं आन् मी गावात परत आले, बाग मपल्या हातात आली. आत्या रोज बांधावर येऊन बसायची, लिंबाखाली, आन् मी काय करते ते बघायची. आम्ही दोघी एकमेकींवर पहिल्या दिवसापासून शक धरून होतो, खरं सांगते. तिला वाटायचं ही पोरगी बाग बुडवणार, मला वाटायचं ही बाई मी बुडायची वाट बघून राहिली.

गेल्या साली चैतात मी पत्रक काढलं. बोटाने फळ सडत नाही! मोठ्या अक्षरात. खाली सगळं लिहिलं, फळमाशी असते, ती कवळ्या फळाला डंख मारून आत अंडी घालते, अळ्या होतात, म्हणून फळ सडतं, बोटानं न्हाई, नजरेनं न्हाई आन् बाईच्या विटाळानं तर मुळीच न्हाई. आत्याचं नाव लिहिलं न्हाई, पण वस्तीतल्या काही वयोवृद्ध व्यक्ती असं लिहिलं, आन् वस्तीत बागेबद्दल बोलणारी वयोवृद्ध व्यक्ती एकच हाय. शेवटी लिहिलं, रविवारी सकाळी बागेत या, तुमच्या डोळ्यांदेखत एकवीस फळांना सरळ बोट दाखवते, पंधरा दिवसांनी परत येऊन बघा.

आता जे सांगते ते मी वर्षभर पोटात ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. फळमाशी दर उन्हाळ्यात असतेच, काही फळं सडतातच, बोट दाखवा की नका दाखवू. खरी परीक्षा करायची तर अर्ध्या फळांना बोट दाखवायचं, अर्धी तशीच सोडायची आन् दोन्हीकडची सडलेली ताडून बघायची, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. पण मला भीती वाटली. मला वाटलं एकवीसमधली चार जरी गळाली तरी बाया त्या चारच बघतील. म्हणून रविवारी तांबडं फुटायच्या वेळेला मी एकटीच बागेत गेले, पाठीवरचा फवारणीचा पंप घेतला, त्यात निंबोळीचा अर्क भरला आन् सगळ्या वेलावर मारला, म्हणजे माशी फिरकणारच न्हाई. उरलेला अर्धा पंप घरामागं परसात मायच्या वांग्या-टमाट्यावर मारून रिकामा केला. कुणाला सांगितलं न्हाई. बाबालाही न्हाई. विज्ञान सिद्ध करायला निघाले होते आन् विज्ञानावरच मपला विश्वास नव्हता, दुसरं काय?

नऊ वाजता बाया आल्या, पंधरा-वीस असतील. मी एकेका कवळ्या काकडीला लाल सुतळी बांधली आन् हात लांब करून, बोट ताठ करून दाखवलं. ही एक, ही दोन. कुणी हसायलं, कुणी तोंडाला पदर लावायलं, एक म्हणे, आगं बया, एवढं बोट तर सासूला दाखवलं असतं तर ती गळाली असती. आत्या बांधावर उभी होती. ती एकच बोलली, बघू.

सहाव्या-सातव्या दिवशी शेंडे वाकायला लागले. पानं चिंचोळी झाली, कोंबडीच्या पायासारखी, देठ पिळल्यासारखे, आन् लाल सुतळीतल्या काकड्या जागच्या जागी आखडल्या, वाकड्या झाल्या. निस्त्या त्या एकवीस न्हाई, अख्खा वेल. भेंडीही वाकली. मक्याची रांग तेवढी ताठ उभी. गावात बोभाटा झाला. पाण्याच्या टाकीवर गेले की बाया म्हणत, प्रज्ञे, आता आमच्या घराकडं बोट करू नको माय. सगळी बाग माझ्या पत्रकासारखी झाली, लोक चोळामोळा करून टाकायलेत.

आन् इथं ताई, मी काय विचार केला ते ऐका. बोटानं वेल मरत न्हाई, हे पक्कं. मंग मारला कुणी तरी. फायदा कुणाचा? आत्याचा. नाक कुणाचं राहिलं? आत्याचं. मी बांध तपासायला लागले. ओल्या पाटात मला अनवाणी पायाची खूण दिसली, अंगठ्याशेजारचं बोट लांब, आत्याचं तसं हाय. पानावर पांढरी-करडी भुकटी दिसली, बोटानं पुसली, हुंगली, मोबाईलवर फोटो काढले. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणे, हाव, कौसाबाई दिसली होती दोनदा सकाळी, हातात डबा होता. झालं! माझं कोडं सुटलं. देव न मानणारी मी, भूत न मानणारी मी, पण सख्खी आत्या रातोरात माझी चेटकीण झाली आन् मला ते कळलंसुद्धा न्हाई, कारण माझ्याकडं फोटो होते.

आखिती दोन दिवसांवर होती. जयंती होऊन गेली होती, विहाराच्या ओट्यावर बाया मंडपाचे पडदे घड्या घालून ठेवत होत्या, आत्याही त्यांच्यात. मी तिथं गेले आन् सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या बागेत औषध मारलं ते हिनं. हात लांब केला, बोट ताठ केलं, हिनं. पुरावा हाय म्हणाले. स्वतःची अंधश्रद्धा खरी करायला स्वतःच्या भावाची बाग जाळली म्हणाले. पत्रकात बोलते तसं बोलले, एकही वाक्य अडलं न्हाई.

आत्याच्या हातात पडद्याचं एक टोक होतं, ते तिनं सोडलं न्हाई. माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाई तिनं, बोटाकडं बघितलं. म्हणाली, बोट वाकडं कर, माय.

बस. एवढंच.

आखितीला माय थाळी घेऊन बी आणायला गेली आन् तशीच परत आली. आत्या तिला दारातूनच म्हणाली होती, वहिनी, बी कसं देऊ? उद्या उगवलं न्हाई तर तुजी पोरगी म्हनंल, आत्यानं भाजून दिलं. मायनं थाळी ओट्यावर आपटली आन् मला म्हणाली, खा आता पत्रकं. आजोबापासून आमच्या आळ्यात ते बी पडलं न्हाई अशी ती पहिली आखिती. आमच्या वेलाचं म्हणाल तर बियाला धरायला एक फळ नीट पिकलं न्हाई. आत्याच्या भिंतीवर होतं तेवढंच.

बाबानं तीन आळी खांदून ठेवली होती, ती तशीच रिकामी. रोज सकाळी तो गुडघं धरत जायचा आन् रिकाम्या आळ्यांना पाणी घालून यायचा. मला ते बघवत नव्हतं आन् मी त्याचाही राग आत्यावरच काढायची.

मंग एक दिवस माय परसातून ओरडली, हे गं काय झालं टमाट्याला? उन्हानं माना टाकल्या म्हणून मी आपली पाणी घालत राहिले. मी गेले. शेंडे वाकलेले. पानं चिंचोळी, कोंबडीच्या पायासारखी. वांगंही तसंच. मी तिथं उभी राहिले आन् पहिल्यांदा वाटलं, आत्या इथंही येऊन गेली! लगेच मोबाईल काढला, फोटो काढायला. खरं सांगते, फोटो काढलाही एक. आन् मंग कळलं की परसाला आमच्या घरातूनच वाट हाय, आत्या ओट्यावरच्या दिवसापासून आमच्या घराची पायरी चढली न्हाई आन् त्याआधीही ती परसात कशाला येईल? आले होते ती मी. पंप घेऊन.

बाबाला विचारलं, पंपात आधी काय होतं? तो म्हणे, काँग्रेस गवत मारायचं औषध, बांधावर मारलं होतं की मी, तुला सांगितलं होतं. धुतला होता का? धुतला की, दोन पाण्यानं. पंपाचं झाकण उघडून मी रबराच्या चकतीचा वास घेतला. अजून येत होता, नाकात बसणारा. तणनाशकाचा पंप दोन पाण्यानं निघत न्हाई ताई, त्याचा थेंबभर अंश वेलवर्गाला, टमाट्याला, भेंडीला वाकवतो आन् मक्याला काही होत न्हाई. मक्याची रांग महिनाभर माझ्यासमोर ताठ उभी होती. तिला मी काही विचारलंच न्हाई, मी पायाच्या खुणा मोजत बसले होते.

करडी भुकटी काय होती? आत्याच्या चुलीची राख. वेल आजारी दिसला म्हणून ती सकाळी डब्यात राख आणून पानावर चाळायची, किडीला. हे मला त्याच म्हाताऱ्यानं सांगितलं. मी म्हटलं, मंग आधी कामून न्हाई सांगितलं? तो म्हणे, तू डब्याचं विचारलं, डब्यात काय होतं ते कुठं विचारलं?

मी आत्याच्या घरी जाऊन एकटीजवळ बोलले असते तर सोपं होतं. पण ज्या ओट्यावर बोट केलं तो ओटा काही तिच्या घरात नव्हता. पौर्णिमेला वंदना झाली, बाया खिरीला थांबल्या होत्या, मी उभी राहिले आन् सगळं सांगितलं, पंपाचं, पहाटेचं, फवारणी लपवली ते, फोटोंचं. माझी वाक्यं त्या दिवशी लई अडली. आन् शेवटाला म्हणाले, बोटानं फळ सडत न्हाई हे मी आजही म्हणते, ते मी मागं घेत न्हाई, पण आत्यानं काही केलेलं न्हाई, केलं ते मी केलं.

मंग ती सासूवाली बाई म्हणे, म्हंजे बोटानंच झालं ना? तुला बोट दाखवायचं होतं म्हनून तू फवारलं, फवारलं म्हनून वेल जळला. बोट दाखवाया गेली नसती तर जळला असता का? बाया हसल्या. ताई, मी अजून त्या बाईला उत्तर शोधून राहिले, सापडलं तर तुम्ही सांगा.

आत्या खिरीची वाटी खाली ठेवून निघून गेली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, सुगी गेली. बांधावर यायची, बसायची, जायची. मी बोलले तर मान हलवायची, तेही बैलाला हलवावी तशी. मला वाटायचं, ही काहीतरी मनात धरून हाय. मी तिच्या हालचालीवर नजर ठेवायची आन् मंग स्वतःलाच म्हणायची, पुन्हा?

यंदा शिवरातीला सकाळी ती आमच्या दारात उभी. हातात शेणाची थापटी. पायरीवरच बसली, मला म्हणाली, इकडं ये, नीट बघ. माझ्यासमोर थापटी फोडली, बी पदरात निवडलं, त्यातलं मधलं एक उचललं, दातानं तोडलं आन् अर्धं माझ्या तळहातावर ठेवलं. पांढरं, ओलसर. म्हणाली, बघितलं? भाजलेलं न्हाई. आता टोक. आन् उठताना म्हणाली, न्हाई उगवलं तर फोटो काढ.

उगवलं, ताई. तुम्ही बसल्यात ना, तुमच्या मागं तो सगळा वेल तिच्या बियाचा. आता माझं मन म्हणाल तर साफ झालं असं मी सांगणार न्हाई, पत्रकात लिहीन, तोंडानं सांगणार न्हाई. तिनं मला माफ केलं का निस्तं भावाचं आळं रिकामं बघवलं न्हाई, मला कळत न्हाई. तिचाही शक गेलेला न्हाई, ती बघा, लिंबाखाली बसलीय, आपण काय बोलतो ते ऐकू येत न्हाई तिला, तरी कान इकडंच हाय. पंप आता आम्ही दोन ठेवलेत, तणनाशकाच्या पंपाला मी लाल रंग दिला, आन् वेलाला फवारायच्या आधी आत्या येऊन झाकणाचा वास घेते. मला विचारत न्हाई, सरळ घेते. मीही काही म्हणत न्हाई. आन् माझ्या त्या चार दिवसांत मी वेलात जाते, ती बघते, तीही काही म्हणत न्हाई. एवढं बदललं, एवढं मात्र बदललं.

ती काकडी? हाव, ती लागलीय आता, अजून कवळी हाय. ती पानामागची दुसरी? थांबा, थांबा ताई, हात खाली घ्या. न्हाई, माझा विश्वास न्हाई, सांगितलं ना, त्यावर मी कितीही पत्रकं काढीन. पण ती बघून राहिली तिकून. बोट वाकडं करा. हां, असं, पेरानं दाखवा.

ही मोठी तोडून देते, खाऊन जा. शेंडा कापून घासून घ्या आन् कडू निघाली तर तिला सांगू नका, तिला वाटेल तिच्या बियाला नाव ठेवायला मी तुम्हाला शिकवून आणलं.